दुसऱ्या खेपेची सोबत

जिची सोबत करायची आहे, तिला मनात आणा. मुलगी असेल, सून असेल, बायको असेल. तिला पुन्हा दिवस गेलेत. घरात सगळे खुशीत आहेत आणि ती सोनोग्राफीची तारीख पुढे ढकलतेय. घाई करू नका. थोडा वेळ नुसते बसा.

मागचं बाळंतपण आठवा. तिचं नंतर, आधी तुमचं. लेबर रूमचं दार बंद झालं तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? आत काय चाललंय ते कोणी सांगेना, मग सहीसाठी कागद पुढे आला, रक्ताच्या पिशव्या आणायला धाडलं. तेव्हा छातीत जे झालं ते अजून तिथे आहे का? असेल तर असू द्या. नवऱ्याला, आईला हे कोणी विचारत नाही. पण ही धास्ती ओळखली नाही, तर तीच पुढे काळजीच्या नावाखाली तिच्यावर पडते: हे खाऊ नकोस, तिकडे जाऊ नकोस.

आता तिच्याकडे या. ‘दोघं सुखरूप आहेत ना, मग विसर आता,’ असं तिला किती जणांनी ऐकवलं असेल? बाळ धडधाकट घरी आलं, तरी ते बाळंतपण तिच्यासाठी भयंकर असू शकतं. फिनेलचा वास आला की तळहाताला घाम फुटतो. दंडाला बीपीचा पट्टा आवळला की आकडा चढतो. तो आकडा डॉक्टरांनी बघायचाच आहे, पण भीतीही त्यांच्या कानावर घालायची आहे. आणि मागचं बाळ घरी आलंच नसेल, तर त्याचा उल्लेख घरात कोणी करतं का? ती करू लागली, तर विषय बदलू नका. एवढ्यावर थांबा, हवा तितका वेळ.

‘या वेळी सगळं छान होईल’ हे वचन आपल्याला देता येत नाही. देता येतं ते दुसरंच. कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत मागची फाईल असेल. ती ‘काढा’ म्हणाली की काढा, आधी नाही. डॉक्टरांना विचारायला बसा: काय झालं होतं, कशामुळे, पुन्हा होऊ शकतं का? रक्तस्राव झाला असेल, तर हिमोग्लोबिन आतापासून वाढवायचं आणि रक्ताची सोय असलेलं रुग्णालय आधीच ठरवायचं. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. गर्दी असते, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या. पहिली ओळ तिच्या शब्दांत असू द्या: ‘तपासण्याआधी मला सांगा, हात लावण्याआधी विचारा.’

झोप उडाली, तीच रात्र स्वप्नात येत राहिली, तर हेही तपासणीतच सांगायचं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

कळांच्या वेळी सोबतीला एक माणूस असावं, हे २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सरकारी प्रसूतिगृहांसाठी धरलेलं आहे. तशी सोय आपल्या रुग्णालयात आहे का, ते आधीच विचारून ठेवा. मग तिला विचारा, ‘आत कोण हवंय?’ तिने तुमचं नाव घेतलं नाही, तर मनात काय उठतं ते पाहा, राग असला तरी. आणि जिचं नाव तिने घेतलं, तिला आजच फोन करून येत्या ९ तारखेला बरोबर बोलवा.