चेहरा कुणाचा, चित्र कुणाचे?

आपल्या मोहल्ल्यात कॅमेरा बहुधा दंगल, कर्फ्यू किंवा निवडणूक पाहून येतो. लोक विचारतात, "यातून आम्हाला काय मिळणार?" पुष्कळांना हा लोभ वाटतो. आम्हाला हा न्यायाचा प्रश्न वाटतो.

आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) या मुंबईतील झोपडपट्ट्यांवरच्या माहितीपटात एक संतापलेली बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच जाब विचारते. गरिबांची चित्रे काढून नाव तुमचेच होणार, असा तिचा रोख आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण ठेवायचे की कापायचे, हे ठरवण्याची सत्ता अखेर दिग्दर्शकाचीच असते.

ही सत्ता वाटून घेण्याचा प्रयत्न १९६७ मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर झाला. तेथील मच्छीमारांना बेटावरून हलवण्याचा सरकारचा विचार होता. कॉलिन लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका माणसावर, एकेका प्रसंगावर छोटे चित्रपट केले, म्हणजे जोडकामात एकाचे बोलणे दुसऱ्याविरुद्ध वापरले जाऊ नये. चित्रपट आधी बेटावरच दाखवले. आपला भाग काढून टाकण्याचा हक्क बोलणाऱ्याला होता. नंतर ते सरकारला दाखवले आणि मंत्र्यांचे उत्तर चित्रित करून बेटावर आणले. पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, बेट रिकामे झाले नाही. सारे श्रेय चित्रपटांना देता येणार नाही. पण लोकांना एकमेकांचे म्हणणे ऐकू आले, हे खरे.

येथे अवघड प्रश्न येतो. समाजाला विचारायचे म्हणजे कुणाला? तलाक मिळालेली एखादी बाई कॅमेऱ्यासमोर मोकळेपणी बोलली आणि मोहल्ल्यातील कर्ते पुरुष म्हणाले, "बदनामी होईल, हे काढा," तर? आमच्या मते नकाराचा हक्क जिचा चेहरा आहे तिचा. जमातीच्या पुढाऱ्यांचा नव्हे. ती ठाम असेल तर तिचे बोलणे राहिले पाहिजे. उद्या भीतीने तिने स्वतःच नको म्हटले, तर चित्रपट लंगडा झाला तरी ते काढले पाहिजे. कारण त्याची किंमत दिग्दर्शकाला नव्हे, तिला त्याच गल्लीत राहून मोजावी लागते.

१९८४ मध्ये अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेतील कष्टकरी स्त्रिया व्हिडिओ शिकल्या. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तेव्हा कॅमेरा आपल्याला जमणार नाही, ही सबब टिकत नाही. तोवर दुसऱ्याने दिलेला चेहरा ही अमानत आहे. अमानत सांभाळणारा तिचा मालक होत नाही. मागितली की ती परत करावी लागते.