शिक्षण आणि शिक्षा

‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे दोन्ही शब्द ‘शिक्ष्’ या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. हिंदीत शिक्षा म्हणजे आजही शिकणे-शिकवणे. मराठीत मात्र तिचा अर्थ दंड असा रूढ झाला. शिकवणाऱ्याला दुखवण्याचा अधिकार आपोआप मिळतो का, हा प्रश्न धर्मशास्त्रकारांनाही पडला होता. गौतम धर्मसूत्र सांगते, की शिष्याला न मारता वळण लावावे. नाइलाज झाला तर बारीक दोरी किंवा बांबूची कांब वापरावी, आणि याहून वेगळ्या साधनाने मारणाऱ्या गुरूला राजाने दंड करावा. मनुस्मृती दुसऱ्या अध्यायात अहिंसेनेच शिकवायला सांगते, पण आठव्यात पाठीवर मारण्याची मुभा देते. ही मुभा शास्त्राची दुबळी बाजू आहे. धाकाने वर्ग गप्प बसतो. त्याला समजले की नाही, हे मात्र त्या शांततेतून कळत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या (2009) कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले. गौतमाने ठेवलेली पळवाट त्यात नाही.

मग मुलाला शिकावेसे वाटावे कसे? छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तम उदाहरण आहे. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला आणि चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, मोठ्या ताठ्यात घरी परतला. वडील उद्दालक त्याला दटावत बसले नाहीत. गुरूंनीही न शिकवलेली एक गोष्ट त्यांनी विचारली, आणि ‘मला ती सांगा’ असे मुलगाच म्हणाला. पुढे त्यांनी त्याला वडाचे फळ फोडून आतले बी पाहायला लावले, पाण्यात मीठ विरघळवून त्याची चव घ्यायला लावली. एकदा तर पंधरा दिवस फक्त पाण्यावर ठेवून वेद म्हणायला सांगितले. श्वेतकेतूला काही आठवेना. जेवल्यावर सगळे आठवले. उपाशीपोटी आलेल्या मुलाला ‘लक्ष देत नाही’ म्हणून रागावण्याआधी प्रत्येक शिक्षकाने हा प्रसंग वाचावा.

या संवादात श्वेतकेतू ‘आणखी समजावून सांगा’ असे पुन्हा पुन्हा म्हणतो. उद्दालक एकदाही त्रासत नाहीत. आत्म्याविषयीचा तोच सिद्धांत ते नऊ वेळा सांगतात, जवळपास दर वेळी नवा दृष्टांत घेऊन. अध्यायाच्या शेवटी उपनिषद नोंदवते, की श्वेतकेतूला ते समजले.