संबंध राहतो कोठे?

दोन पदार्थ एकत्र आले म्हणजे त्यांना जोडणारा संबंध हा त्या दोहोंहून निराळा, तिसरा पदार्थ मानावा काय, हा वैशेषिकांचा व वेदान्त्यांचा जुना वाद होय. वैशेषिकांनी समवायास, म्हणजे अविभक्तपणे राहणाऱ्या दोहोंच्या नित्य संबंधास, स्वतंत्र पदार्थाचा दर्जा दिला. त्यावर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात अशी तक्रार मांडली की, समवाय जर जोडलेल्या दोन पदार्थांहून वेगळा, तर त्याला त्यांच्याशी जोडण्यास दुसरा समवाय लागेल, त्याला तिसरा, आणि ही मालिका कोठेच थांबणार नाही.

या वादास कार्बन-तंतूंचा दाखला फार मोलाचा आहे. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलचा धागा प्रथम हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसवर आणि पुढे नायट्रोजनच्या आवरणात १००० अंशांहून अधिक तापवला असता, ५ ते ७ मायक्रॉन व्यासाचा, वजनाच्या मानाने पोलादासही मागे टाकणारा तंतू सिद्ध होतो. परंतु ज्या ग्रॅफाइटसदृश स्तरांनी त्याला बळ दिले, तेच त्याचा पृष्ठभाग इतका उदासीन करून ठेवतात की ज्या इपॉक्सी राळेत तो बसवायचा, ती त्याला धड धरीत नाही. त्यावर पातळ लेप देण्याची वहिवाट आहे. पण त्या लेपाने तरी तंतूस कसे धरावे, हा आचार्यांचाच प्रश्न तेथे पुन्हा उभा राहतो.

प्लाझ्माचा इलाज निराळ्या जातीचा आहे. अल्प दाबाच्या ऑक्सिजनमध्ये विद्युत्-विसर्ग घडवला म्हणजे इलेक्ट्रॉन, आयन व क्रियाशील अणू यांचा जो दीप्तिमान समुदाय, म्हणजेच प्लाझ्मा, उत्पन्न होतो, त्याच्या आघाताने तंतूच्या पृष्ठावरील काही कार्बन-बंध तुटतात, आणि तेथे हायड्रॉक्सिल, कार्बोनिल व कार्बॉक्सिल हे गट येऊन बसतात. मध्ये तिसरे काही घातले गेले नाही. तंतूच्याच अंगी राळेविषयी योग्यता आली, आणि तीही गाभ्याला धक्का न लावता. ही योग्यता चिरकाल टिकत नाही, म्हणून राळेशी गाठ मुदतीत घालावी लागते.

येथवर मी आचार्यांच्या पक्षाचा आहे. परंतु समवायाच्या जागी ते तादात्म्य, म्हणजे दोहोंची एकरूपता, स्वीकारतात, तेथे हा तंतू त्यांना साथ देत नाही. कारण जोड अतिदृढ झाली तर राळेतील भेग तंतूपाशी न अडता त्यालाही छेदून जाते, आणि जोड किंचित सुटण्यास मुभा असली तरच भेग तंतूच्या कडेने वळते, तंतू उपसण्यात तिची शक्ती खर्ची पडते व वस्तू एकाएकी भंगत नाही. विभागाने ज्याचा अंत होऊ शकतो असा संयोग वैशेषिकांनी समवायाहून वेगळा गणला होता; तंतू आणि राळ यांच्या बाबतीत मला तोच मान्य करावा लागतो.