दैवाचा क्रमांक पाचवा

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, साधनं, नाना प्रयत्न आणि शेवटी दैव. हा क्रम आपण सोयीने उलटा करतो. हात नसलेला माणूस दिसला की आधी त्याचं प्रारब्ध निघतं, आणि तोच पदक घेऊन आला की जिद्दीचे गोडवे गायले जातात. दोन्ही वेळा साधनांचा विचार गळतो, आणि त्याबरोबर आपली जबाबदारीही.

भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया यांची कारकीर्द याच दृष्टीने पाहायला हवी. राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यात लहानपणी झाडावर चढताना त्यांना विजेच्या तारेचा धक्का बसला आणि डावा हात कापावा लागला. उजव्या हाताने भाला फेकणाऱ्याला डावा हात नुसता शोभेला नसतो. धावताना तो तोल धरतो आणि फेकीच्या क्षणी अंगाशी ओढला जाऊन धडाला वळायला जोर देतो. ही उणीव भरून काढत त्यांनी 2004 साली अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये 62.15 मीटरच्या विश्वविक्रमासह सुवर्ण मिळवलं. पुढे 2008 आणि 2012 च्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्या, म्हणजे हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या एफ-46 गटाची भालाफेकच नव्हती. 2013 च्या लिऑनमधल्या जागतिक स्पर्धेत ती होती. तिथे त्यांनी सुवर्ण जिंकलं. 2016 साली रिओत 63.97 मीटरचा नवा विश्वविक्रम आणि पुन्हा सुवर्ण, तर चाळिशीत टोकियोला 64.35 मीटर आणि रौप्य. हात सगळीकडे तोच होता. मधली वर्षं अडली ती देहामुळे नव्हे.

यावर कुणी म्हणेल, जे खेळाडूच्या हातात नाही ते त्याच्यापुरतं दैवच. झाझरियांपुरतं हे खरं आहे. पण कार्यक्रम ठरवायला बसलेल्यांच्या बाजूने पाहिलं, तर ते त्यांचं कर्म होतं, आणि कर्माचा जाब विचारता येतो. सगळ्याच गटांना जागा देणं शक्य नसतं, हेही मान्य. मात्र ती अडचण माणसांची आहे, तिला नशिबाचं नाव देऊ नये. शिवाय झाझरिया बारा वर्षं टिकले म्हणून व्यवस्था निर्दोष ठरत नाही. जे टिकू शकले नाहीत त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचतच नाहीत.

म्हणूनच त्यांची निवृत्ती मला पदकांइतकीच महत्त्वाची वाटते. मार्च 2024 मध्ये ते भारतीय पॅरालिम्पिक समितीचे अध्यक्ष झाले; ज्यांच्या निर्णयांवर इतरांची संधी अवलंबून असते, त्यांच्यात जाऊन बसले. ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म सुटत नाही, असं टिळकांनी ‘गीतारहस्या’त मांडलं, ते इथे लागू पडतं. त्याच वर्षी पॅरिसला भारताने 29 पदकं मिळवली. त्यांत सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारींचं एफ-46 गोळाफेकीतलं रौप्य आहे. संधीचे असे निर्णय आपल्या आसपासही होतात: आपल्या गावच्या शाळेत खेळाच्या तासाला एखादं मूल हाताकडे बघून बाजूला बसवलं जात असेल, तर मुख्याध्यापकांना भेटा आणि कारण विचारा.