जखमेचे माप आणि अहिंसा

कल्याण-शीळ मार्गावरच्या मानपाड्यात काय किंवा ठाण्याच्या घोडबंदर मार्गावरच्या मानपाड्यात काय, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या यकृतात गाठ निघाली आणि तो रोगट भाग काढावा लागेल असे शल्यवैद्याने सांगितले, म्हणजे घरच्यांच्या तोंडून बहुधा पहिला प्रश्न निघतो तो हा, की ‘डॉक्टर, दुर्बिणीतून नाही का होणार?’ या प्रश्नात केवळ टाक्यांची धास्ती नसते. आपल्या माणसाच्या देहाला शक्य तितके कमी दुखवावे, ही संस्कारात खोल रुजलेली अहिंसेची भावनाही त्यातून बोलत असते. ती भावना मला पूज्य वाटते. परंतु हिंसेचे माप जखमेच्या लांबीवरून घ्यावयाचे काय, हा प्रश्न केवळ भावनेने सुटत नाही, आणि तो धर्मविचाराचा प्रश्न असल्यामुळे सर्वस्वी वैद्यांच्या हवाली करूनही भागत नाही.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले, आणि पुढे थोड्याच वर्षांत ती रीत आपल्याकडे शिरस्ताच होऊन बसली. यकृताचे तसे झाले नाही. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त ज्या अवयवातून वाहते, ज्याच्या गाभ्यात मोठ्या शिरा डोळ्यांआड दडलेल्या असतात, आणि ज्यातला रक्तस्राव काही क्षणांत सारे दृश्य झाकून टाकू शकतो, त्या अवयवाला चार-पाच छिद्रांतून हात घालण्याचे साहस १९९०च्या दशकारंभी मोजक्याच शल्यवैद्यांनी केले. २०१४ साली जपानातील मोरिओका येथे भरलेल्या तज्ज्ञपरिषदेने यकृताचा लहान भाग अशा रीतीने काढण्यास मान्यता दिली, मात्र मोठ्या भागाच्या बाबतीत सावधगिरीचाच सल्ला दिला. ऑस्लो येथे आतड्याच्या कर्करोगाच्या, यकृतात पसरलेल्या गाठी असलेल्या २८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून तुलना करण्यात आली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव पोट उघडलेल्यांत शेकडा ३१, तर दुर्बिणीवाल्यांत शेकडा १९ आढळले. पाच वर्षांनंतर हयात राहिलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच भरले. म्हणजे यातना कमी झाल्या, आयुष्य वाढले नाही. यातना कमी होणे हीही काही सामान्य प्राप्ती नव्हे.

येथे मला जैन आचार्य उमास्वातींचा विचार फार मोलाचा वाटतो. तत्त्वार्थसूत्रात त्यांनी हिंसेचे लक्षण करताना प्राणाला झालेल्या इजेइतकेच, किंबहुना तिच्याही आधी, ती इजा ज्या प्रमादातून, म्हणजे बेसावध वृत्तीतून, झाली त्या प्रमादाला स्थान दिले आहे. जैन विचाराने मनाला मलिन करणाऱ्या चार कषायांत क्रोध, माया व लोभ यांच्या जोडीला मानाचीही गणना केली आहे. हा मान म्हणजे प्रमादाचेच एक रूप. यकृताची शीर फाटून रक्त वाहत असताना, छिद्रांतूनच काम तडीस नेल्याची कीर्ती हातची जाईल म्हणून जो शल्यवैद्य पोट उघडण्यास विलंब लावतो, त्याची जखम बोटाएवढी असली तरी ती हिंसाच होय. उलट जो वेळीच दुर्बीण बाजूला ठेवून वीतभर छेद घेतो आणि प्राण राखतो, त्याच्या हातून देह अधिक कापला गेला तरी अहिंसाव्रताचा भंग झाला असे मी मानत नाही.

प्रमादाचे दुसरे रूप म्हणजे अपुरा अभ्यास. कोहळा, दुधी, काकडी यांच्यावर छेदनाचा सराव केल्यावाचून शिष्याने शस्त्रकर्मास हात घालू नये, असा सुश्रुताचा दंडक होता. आणि त्याच सुश्रुताने एकशे एक यंत्रे सांगून त्यांत हाताला प्रधान मानले, कारण हातावाचून इतर कोणतेही यंत्र चालत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हा प्रधानच पोटाबाहेर उभा राहतो. गाठ किती खोल आहे, तिची कड कोठे संपते, हे ज्या बोटांना चाचपून कळत असे, त्यांना आता लांब दांड्याच्या चिमट्यावर, पडद्यावरील चित्रावर आणि यकृतावर टेकविलेल्या सोनोग्राफीच्या सळईवर विसंबावे लागते. इंद्रिय आणि विषय यांचा संनिकर्ष झाल्यावाचून प्रत्यक्ष ज्ञान नाही, असे नैयायिक म्हणत. पडद्यावरचे यकृत हे त्यांच्या अर्थाने प्रत्यक्ष म्हणावे की अनुमान, याचा निवाडा मी करीत नाही, परंतु स्पर्शाचे प्रमाण गमावलेल्याने इतर प्रमाणांची साधना कितीतरी अधिक काळ केली पाहिजे, एवढे निश्चित. ही कला हाती बसण्यास साठेक शस्त्रक्रिया लागतात, असा एका फ्रेंच केंद्राचा अनुभव नमूद आहे. त्या साठांतले पहिले रुग्ण कोणाचे तरी आईबाप असतात. अनुभवी गुरू शेजारी उभा असल्यावाचून त्यांच्यावर हात चालविण्याची मुभा कोणासही असू नये.

म्हणून मानपाडेश्वराला हात जोडून रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या कुटुंबाने दुर्बिणीविषयी जरूर विचारावे. यकृत आधीच काठिण्याने ग्रासलेले असेल तर पोटाच्या भिंतीतील रक्तवाहिन्या शाबूत राहिल्याने पोटात पाणी साचण्याचा धोकाही या रीतीने घटतो. परंतु त्याचबरोबर, अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आणि त्यांपैकी कितींत पोट उघडावे लागले, हेही निःसंकोच विचारावे, आणि शल्यवैद्याने त्याचा राग मानू नये. संमतिपत्रातील ‘आवश्यक वाटल्यास पोट उघडण्यात येईल’ हा मजकूर त्याने आदल्या दिवशी स्वतः, मराठीत, रुग्णाला समजावून सांगावा, आणि त्याखालची सही शुद्धीवर असलेल्या रुग्णाने सावकाश विचार करून करावी. शस्त्रक्रियागृहाच्या दारात, स्ट्रेचर थांबवून, मुलाने किंवा जावयाने नव्हे.