ऋण, सत्ता आणि आश्रय

मराठीत कर्ज आणि कृतज्ञता या दोन्हींसाठी ‘ऋण’ हा एकच शब्द रूढ आहे. पहिले ऋण व्याजासह फिटते. दुसऱ्याचा केवळ स्वीकार करता येतो. सावकारी घराण्याच्या आश्रयाने घडलेल्या साहित्याचा विचार होताना या दोन अर्थांची गल्लत होते. ती तपासण्यास बारामतीच्या नाईक-जोशी घराण्याचे उदाहरण उद्‌बोधक आहे.

बाबूजी नाईक हे थोरल्या बाजीरावाचे सावकार. त्यांचे बंधू आबाजी हे बाजीरावाची बहीण भिऊबाई हिचे पती. १७४० साली बाजीराव निवर्तला, तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींची बाजू उचलून धरली. शाहूंनी पेशवाई दिली ती बाजीरावपुत्र नानासाहेबांना. बाबूजींनी कर्जाचा तगादा लावला. तेथे पेशव्यांचे दिवाण महादजीपंत पुरंदरे यांची पत कामी आली. पुढे कर्नाटकाच्या मोहिमेतही नाईकांना जम बसवता आला नाही.

धनको जेव्हा सत्तेचा दावेदार होतो, तेव्हा त्याच्या न्याय्य मागणीवरही हेत्वारोप होऊ लागतो. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने सत्ता मिळवली. तथापि त्यांची १३९७ साली स्थापन झालेली पेढी १४९४ मध्ये, घराण्याच्या हद्दपारीबरोबरच, संपुष्टात आली. राजेरजवाड्यांना दिलेली, पण वसूल न झालेली कर्जे हे तिच्या ऱ्हासाचे एक मोठे कारण होते. बाबूजींना सत्ता लाभली नाही आणि मेदिचींना ती लाभली. परंतु सत्तेशी जडलेला सावकारी व्यवहार दोघांनाही निर्वेधपणे करता आला नाही.

याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीत राहिले आणि त्यांची विपुल आर्यारचना तेथे झाली. आता प्रश्न असा, की या काव्याने त्या धनाचे परिमार्जन होते काय? की त्या धनाने हे काव्य कलंकित होते? दोन्ही भूमिका परस्परविरोधी दिसतात. पण दोन्ही काव्याला जमाखर्चातील एक रक्कम मानतात. आश्रयदात्याविषयीची कवीची कृतज्ञता खरी असू शकते. ती त्याच्या व्यवहाराला दिलेली मान्यता नव्हे.

शिवाय या हिशेबात एक पक्ष अनुल्लेखित राहतो. पेशव्यांनी कर्ज फेडायचे ते मुलखाच्या वसुलातून, म्हणजे रयतेच्या श्रमातून. आश्रयाचे अंतिम मूल्य जिने चुकते केले, ती रयत पेढीच्या खात्यात धनको म्हणून येत नाही आणि काव्याच्या परंपरेत आश्रयदाती म्हणूनही येत नाही. तिचे ऋण कवीने मानले नाही, असा आरोप करणे अनैतिहासिक ठरेल. ही नोंद करण्याचे दायित्व उत्तरकालीन समीक्षेचे आहे. आर्येचे सौंदर्य त्याने उणावत नाही. मात्र ते सौंदर्य कुणाचेच देणे लागत नाही, हा समज त्याज्य ठरतो.