अवघड शब्द सोपे, सोपे शब्द अवघड

पोलंडमधल्या शाळकरी मुलापुढे इंग्रजीतले दोन प्रयोग ठेवून पाहावेत. एक ‘टॉलरेट’ आणि दुसरा ‘पुट अप विथ’. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, सहन करणे, चालवून घेणे. इंग्रजी घरातले पोर दुसरा प्रयोग आईबापांच्या तोंडून आधी उचलते, पहिला पुढे केव्हातरी पुस्तकात भेटतो. पोलिश मुलाचे नेमके उलटे होते. ‘टॉलरेट’ त्याला पाहताक्षणी कळतो, कारण त्याच्या भाषेत ‘तोलेरोव्हाच’ हे क्रियापद आधीच आहे. ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तिन्ही शब्द त्याने सुरुवातीच्या धड्यांतच पाठ केलेले असतात; पण ते शेजारी-शेजारी आले की अर्थाचा पत्ता लागत नाही. भारदस्त शब्द त्याला फुकट मिळतात आणि घरगुती शब्द वर्षानुवर्षे हुलकावणी देतात.

ही गंमत वाटली, तरी तिच्यात भाषाशिक्षणाबद्दलच्या एका रूढ समजुतीला धक्का देणारे काही आहे. इंग्रजीची ‘मध्यम पातळीची शब्दसंपत्ती’ नावाची एक ठरावीक वस्तू असते आणि ती जगातल्या सर्व विद्यार्थ्यांना एकाच क्रमाने शिकवता येते, अशी ती समजूत. पाठ्यपुस्तकांचा आंतरराष्ट्रीय व्यापार तिच्यावरच उभा आहे. माझे म्हणणे असे, की सुरुवातीचे पाचशे-हजार शब्द सगळ्यांना थोडेफार सारखे असतील. पण त्यापुढची पायरी प्रत्येक मातृभाषेसाठी वेगळी असते. पोलिश हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

शब्दांच्या मोजदादीची कल्पना मुळात वाईट नव्हती. तिचा एक महत्त्वाचा उगम तर आपल्याच उपखंडात आहे. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणाधिकारी बंगालमध्ये, ढाक्याला काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी कशासाठी लागते, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. या मुलांना बोलण्यापेक्षा वाचनाची गरज जास्त आहे, असे त्यांचे उत्तर होते. म्हणून नेहमी भेटणारे शब्द निवडून, नवे शब्द जपून पेरत त्यांनी वाचनमाला तयार केल्या. 1926 साली त्यांचा बंगालमधल्या द्वैभाषिकतेवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि 1953 साली सुमारे दोन हजार शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुटुंब) त्यांची प्रसिद्ध यादी आली. पुढे न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी हिशेब मांडला, की इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात. दोन हजार आणि नऊ हजार यांच्यामधला हा लांबलचक पट्टा म्हणजेच मध्यम पातळी. युरोप परिषदेने 2001 साली भाषाज्ञानाच्या ए-1 ते सी-2 अशा सहा पातळ्या प्रसिद्ध केल्यावर त्या पट्ट्याला बी-1 आणि बी-2 ही नावे मिळाली आणि याद्यांवर पातळ्यांचे शिक्के बसू लागले. वेस्टांनी सुरुवात शिकणाऱ्यापासून केली होती. त्यांच्यानंतरच्या याद्या मात्र इंग्रजीपासून सुरू होतात, आणि शिकणारा कोण आहे हे त्यांच्या दृष्टीने गौण ठरते.

पोलिश विद्यार्थ्याच्या बाबतीत ही चूक कशी उघडी पडते, ते समजायला थोडा इतिहास लागतो. पोलंडने 966 साली रोमच्या बाजूचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याबरोबर लॅटिनही आली. चर्च, कायदा, राज्यकारभार, 1364 साली स्थापन झालेले क्राकूवचे विद्यापीठ, सगळीकडे शतकानुशतके लॅटिनच चालली. कोपर्निकसने 1543 साली प्रसिद्ध झालेला आपला ग्रंथ लिहिला तोही लॅटिनमध्ये. त्यामुळे पोलिश ही स्लाव्ह कुळातली भाषा असूनही तिचा विद्वत्तेचा मजला लॅटिनच्या विटांनी बांधलेला आहे. इंग्रजीचे तेच, फ्रेंचमार्गे आणि थेटही लॅटिन तिच्यात शिरली. साहजिकच इंग्रजीतल्या ‘-शन’ने संपणाऱ्या शब्दांच्या जागी पोलिशमध्ये ‘-त्स्या’ने संपणारे शब्द ओळीने उभे असतात: इन्फोरमात्स्या, सितुआत्स्या, एदुकात्स्या. एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय इंग्रजीतल्या 570 शब्दकुटुंबांची यादी केली. तिच्यातला मोठा भाग लॅटिन-ग्रीक मुळांचा आहे. जी यादी चिनी किंवा अरबी विद्यार्थ्याला डोंगराएवढी वाटते, तिच्यातले कितीतरी शब्द वॉर्साचा विद्यार्थी ओळखीच्या चेहऱ्यांसारखे ओळखतो.

ही श्रीमंती फसवीही असते. पोलिश शिक्षक ज्यांना ‘खोटे मित्र’ म्हणतात, ते शब्द या मजल्यावरच राहतात. पोलिश ‘अक्तुआल्नी’ म्हणजे सध्याचा, इंग्रजी ‘ॲक्च्युअल’ म्हणजे प्रत्यक्षातला. ‘एव्हेन्तुआल्न्ये’ म्हणजे कदाचित, गरज पडली तर. ‘इव्हेन्च्युअली’ म्हणजे अखेरीस. पोलिश माणूस पत्रात ‘मी इव्हेन्च्युअली येईन’ असे लिहितो तेव्हा त्याला ‘जमलं तर येईन’ म्हणायचे असते, आणि वाचणारा इंग्रज त्याची वाट पाहत बसतो. इथे व्याकरण चुकलेले नसते, त्यामुळे ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. अनोळखी शब्द आला तर माणूस शब्दकोश उघडतो. ओळखीचा वाटणारा शब्द तेवढीही सावधगिरी बाळगू देत नाही. म्हणूनच पोलिश विद्यार्थ्यासाठी केलेल्या यादीत अशा शब्दांना पहिल्या पानावर जागा हवी. सर्वांसाठी केलेल्या यादीत मात्र ते इतर शब्दांत मिसळून जातात, कारण सगळ्यांनाच त्यांचा त्रास होतो असे नाही.

याहून मोठा प्रश्न छोट्या शब्दांचा आहे. गेट, पुट, सेट, टेक, रन ही इंग्रजीची रोजची क्रियापदे. त्यांना अप, आउट, ऑफ, ओव्हर असे शेपूट लागले की अर्थ पालटतो. पोलिश विद्यार्थी या टप्प्यावर अडतो आणि ‘याला काही नियमच नाही’ म्हणून यादी घोकू लागतो. खरे तर ही करामत त्याची मातृभाषा इंग्रजीहून सराईतपणे करत असते, फक्त शेपटाऐवजी शिंगे लावून. ‘पिसाच’ म्हणजे लिहिणे. त्यापुढे उपसर्ग लावले की ‘पोदपिसाच’ म्हणजे सही करणे, ‘ओपिसाच’ म्हणजे वर्णन करणे, ‘झापिसाच’ म्हणजे टिपून ठेवणे. ‘येश्च’ म्हणजे खाणे, तर ‘झ्येश्च’ म्हणजे खाऊन संपवणे, इंग्रजीतल्या ‘ईट अप’सारखे. एका साध्या क्रियापदाला छोटासा तुकडा जोडून क्रिया पुरी झाली, अर्धी राहिली की दिशा बदलून गेली हे सांगण्याची सवय त्याच्या हाडीमासी आहे. कोणी ते दाखवून दिले, तर यादीमागची पद्धत त्याला दिसू लागते. इंग्रजीपासून सुरू होणारे पुस्तक हे दाखवू शकत नाही, कारण त्याला पोलिश येतच नाही.

हे छोटे शब्द पोलिश माणसाला दुर्मिळ होण्यामागे व्याकरणाबाहेरचीही कारणे आहेत. साम्यवादी राजवटीत शाळेत रशियन सक्तीची होती. 1989 नंतर ती सक्ती गेली आणि इंग्रजीची मागणी एकदम उसळली, तेव्हा शिक्षकच पुरेसे नव्हते. ते तयार करायला नव्वदच्या दशकात तीन वर्षांची शिक्षक-महाविद्यालये काढावी लागली. त्यात दूरचित्रवाणीची एक तऱ्हा. पोलंडमध्ये परदेशी चित्रपटावर ‘लेक्तोर’ म्हणजे एकच निवेदक सगळ्या पात्रांचे संवाद सपाट आवाजात वाचून दाखवतो आणि मूळ बोलणे त्याच्या आवाजाखाली दबते. स्वीडन किंवा नेदरलँड्समधले मूल उपशीर्षके वाचता-वाचता इंग्रजी बोलण्याची लय कानांत साठवत मोठे होते. पोलिश मुलापर्यंत ती लय अर्धवटच पोचत राहिली. पुस्तकातले इंग्रजी पक्के आणि बोलण्यातले कच्चे, ही विभागणी अशीही घडली.

तिची कसोटी 1 मे 2004 नंतर लागली. पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन यांनी आपली कामाची दारे लगेच उघडली. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल सर्वांत जास्त लोकांची, सुमारे 5 लाख 46 हजार माणसांची, मुख्य भाषा पोलिश होती. गोदामात, बांधकामावर, हॉटेलच्या मुदपाकखान्यात मुकादम लॅटिनमधून सूचना देत नाही. तिथे सगळा कारभार गेट, पुट आणि टेक यांच्यावर चालतो. परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या माणसाला वर्तमानपत्रातला अग्रलेख कळावा आणि शेजारच्या कामगाराचे बोलणे कळू नये, असे होण्याची पुरेपूर शक्यता या रचनेतच होती.

मग घोकंपट्टी निरुपयोगी आहे का? पोलंडमध्ये बसून तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली विसरण्याचा आलेख मांडला. त्याला शंभर वर्षे होत असताना पोझ्नानचा प्योत्र वोझ्न्याक हा विद्यार्थी इंग्रजी शब्दांच्या जोड्या कागदावर लिहून प्रयोग करत होता. एका दिवसाने, सात दिवसांनी, सोळा दिवसांनी, पस्तीस दिवसांनी अशी उजळणी केली तर सर्वांत कमी श्रमात सर्वांत जास्त लक्षात राहते, या दिशेने त्याचे काम गेले. 1987 साली त्यातून ‘सुपरमेमो’ ही संगणकप्रणाली निघाली. आज जगभर लोकप्रिय असलेल्या ‘आंकी’ या उजळणीच्या प्रणालीचे मूळ गणितही तिथलेच. इंग्रजी शब्द पाठ करणाऱ्या एका पोलिश विद्यार्थ्याच्या गरजेने जगाला उजळणीचे हे साधन दिले, हे विसरता येत नाही.

पण उजळणीचे यंत्र दिलेली जोडी टिकवते; जोडी बरोबर आहे का, हे पाहणे त्याचे काम नव्हे. ‘अक्तुआल्नी बरोबर ॲक्च्युअल’ अशी चुकीची जोडी भरली, तर तीही तितक्याच निष्ठेने पक्की होते. आणि ‘गेट’ची पोलिश जोडी कोणती लिहायची? पोलिशमध्ये फोटो ‘करतात’, मराठीत ‘काढतात’, इंग्रजीत ‘घेतात’. हे एका शब्दाचे ज्ञान नसून शब्दाच्या सोबत्यांचे ज्ञान आहे, आणि ते वाक्यातच राहते. वोझ्न्याक यांनी पुढे पाठांतराचे जे नियम लिहिले, त्यांत पहिलाच नियम ‘समजले नसेल तर पाठ करू नका’ असा आहे. साधन बनवणाऱ्याने दिलेला इशारा ते वापरणाऱ्यांनी फारसा मनावर घेतला नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की परकी भाषा शिकताना मातृभाषा दूर ठेवावी, नाहीतर माणूस मनात भाषांतरच करत राहतो. उत्तर पोलंडच्याच एका माणसाकडे आहे. जोसेफ कॉनरॅड 1878 साली लोस्टॉफ्टच्या बंदरात उतरला तेव्हा विशीत होता आणि इंग्रजी त्याला जेमतेम येत होती. जहाजावरच्या खलाशांत आणि पुस्तकांत तो ती शिकला, 1895 साली त्याची पहिली कादंबरी आली. मातृभाषा दूर ठेवण्याची याहून चांगली संधी कोणाला मिळणार? तरीही उच्चारांतून पोलिश शेवटपर्यंत गेली नाही. आणि 1948 साली समीक्षक एफ. आर. लीविस यांनी त्याच्या गद्यात जो दोष काढला, तो ‘इन्स्क्रुटेबल’, ‘इन्कन्सीव्हेबल’ अशा जडजंबाल विशेषणांच्या सोसाचा होता. त्याचे कारण पोलिश की फ्रेंच की निव्वळ स्वभाव, हे सिद्ध करता येणार नाही. पण मातृभाषा दाराबाहेर ठेवता येते, ही कल्पना भाबडी आहे एवढे नक्की. ती आत येणारच असेल, तर तिला उघडपणे कामाला लावणे शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रत्येक भाषेसाठी वेगळे पुस्तक कोण काढणार? मात्र पुस्तक सगळे वेगळे असण्याची गरजच नाही. समान यादी घ्यावी आणि तिच्यातून तीन गट पाडावेत: मातृभाषेमुळे आयते कळणारे शब्द, मातृभाषेमुळे फसवणारे शब्द, आणि मातृभाषेतल्या एखाद्या रचनेने उलगडणारे शब्द. पहिल्या गटावर वेळ घालवू नये, दुसऱ्याबद्दल आधीच बजावावे, तिसऱ्याची किल्ली हातात द्यावी. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक हे काम लंडनच्या कोणत्याही प्रकाशनगृहापेक्षा चांगले करील.

महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. पोलंडमध्ये पहिलीपासून परकी भाषा त्यानंतर काही वर्षांनी सक्तीची झाली. वय खाली आणण्यावर दोन्हीकडे भरपूर वाद झाले, शब्द कोणत्या बाजूने शिकवायचे यावर फार थोडे. आपले तीन गट पोलंडहून अगदी निराळे पडतील. आपल्याला आयते शब्द लॅटिनने दिले नाहीत. ते कचेरी, दवाखाना आणि रेल्वे यांनी दिले. आपले फसवे शब्दही तिथलेच: जिथे फक्त जेवण मिळते ते आपले ‘हॉटेल’, आणि पदवी घेणारा आपला मुलगा ‘पास आउट’ होतो, म्हणजे इंग्रजाच्या लेखी चक्कर येऊन पडतो. किल्लीही आपल्याकडे आहे. खाऊन टाकणे, बोलून बसणे, सांगून ठेवणे असे म्हणताना आपण छोट्या क्रियापदाने मोठ्याचा रोख बदलतो. इंग्रजीची ती शेपटे समजून घ्यायला हे उत्तम साधन आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये असा दंडक असलेल्या वर्गात ते वापरायला बंदी असते. तो दंडक उठवणे ही इंग्रजी सुधारण्याची सर्वांत स्वस्त योजना आहे.